गिअरबॉक्सला लावलेलं मेण

बाबा,

आधीच सांगते, हे रागाचं पत्र आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो असं आई म्हणते, पण आई तुमच्याबद्दल बरंच काही म्हणते आणि त्यातलं निम्मं तिनं स्वतःची समजूत काढायला रचलेलं आहे. तुमच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता आणि एकेक जण उठून बोलत होता. मिस्त्री नुसते गाडीजवळून चालत गेले तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मिस्त्रींनी कधी उगाच कुणाचा गिअरबॉक्स खोलला नाही. असा कान पुन्हा व्हायचा नाही. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, कान होता, मान्य आहे, पण तोंड कुठं होतं? त्या दिवशी बोलले नाही. आज भरदुपारी शटर अर्धं खाली ओढून, डिझेलनं हात धुऊन लिहायला बसले आहे, कारण सकाळी घाटाकडचे भाऊ येऊन गेले.

घाटाकडचे भाऊ म्हणजे कोरचीकडचे ते जीपवाले. तुम्हाला त्यांची ओळख करून द्यायची गरज पडू नये. तरी लिहिते, कारण शेवटच्या वर्षांत तुम्ही त्यांच्याकडे असं बघायचात जणू ते नुसतेच ओळखीतले कुणी आहेत, दर उन्हाळ्यात चारोळी घेऊन येणारे.

नागभीडचं दुकान अजून तिथंच आहे, ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर उजव्या हाताला. पत्रे नवे घातले, बाकी तेच. मोहर्लीपासून सफारीच्या जिप्सी माझ्याकडे येतात, पोंभुर्ण्याहून पिकअप येतात, आणि येणारा प्रत्येक जण एकदा तरी तुमचं नाव काढतो. तुमची पद्धत मी आजही तशीच वापरते, हे रागातसुद्धा कबूल करते. गिऱ्हाईक येऊन म्हणतो, गिअरबॉक्स गेला. त्याचं ऐकून घ्यायचं आणि किल्ली मागायची. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची, क्लचवरून पाय काढायचा. घरघर येते का? मग क्लच दाबायचा. घरघर थांबली तर गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच सुरू झाली, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, दोष क्लचच्या बेअरिंगचा. मग गाडी चढावर न्यायची, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आणायची, कारण ओढताना आणि सोडताना दातांची वेगवेगळी बाजू बोलते. शेवटी लोखंडी सळईचं एक टोक गिअरबॉक्सवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर. “आंधी आयक, मंग खोल,” तुम्ही म्हणायचात. “खोलल्यावर गाडी बोलत नाई.” इतकं सुंदर वाक्य बोलणारा माणूस इतका भित्रा असावा याचाच मला जास्त राग येतो.

ज्येष्ठ लागला की आपल्या स्वयंपाकघरात ते मेणाचं काम सुरू व्हायचं. जंगलातल्या गावची माणसं मोहोळ काढून झाल्यावर पोळ्याचं मेण आणून द्यायची, काळपट, मधमाशांचे पंख चिकटलेलं. तुम्ही आईचा वरणाचा गंज चुलीवर ठेवून त्यात ते वितळवायचात, फडक्यातून गाळायचात, वरून थोडी लाख आणि चिमूटभर ग्रीस. घरभर गोड, जळकट वास. आई दारात उभी राहून म्हणायची, “थो गंज वरनाचा हाय, मोटारीचा नाई.” तुम्ही म्हणायचात, “मोटारीच्या जिवावरच वरन शिजते.” ती चिडायची आणि हसायची. मला तेव्हा ते सगळं फार आवडायचं. थंड झालेल्या मेणाच्या गोट्या वळून त्या बिडीच्या रिकाम्या डब्यात भरायचं काम माझं होतं, आणि माझ्या गोट्या तुमच्यापेक्षा गोल व्हायच्या.

त्या मेणाचा उपयोग कुणी मला आज विचारला तर मी सांगत नाही, पण इथं लिहायलाच हवा. गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीक भोक असतं, त्यावर टोपी. त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी तापली की आतली हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर पडते. आपल्याकडे पावसाळ्यात जीप नाल्यातून काढतात, पाणी पार दारापर्यंत येतं, आणि तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात शिरला की त्याच भोकातून पाणी आत ओढतो. मग तेलाचा चहा होतो आणि दात खराब होतात. तुम्ही त्यावर तोड काढली होती, पावसाळ्याआधी ते भोक मेणानं बुजवायचं. दिवाळीनंतर या, काढून देतो, असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात आणि दहातले दोन यायचे. मिस्त्रीचं मेण लावलं की नाल्याची चिंता नाही, असं पार धानोऱ्यापर्यंत लोक म्हणायचे. तुमचा कान मोठा होताच, पण तुमचं नाव त्या मेणानं झालं.

मी चंद्रपूरला आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी होते, आणि दुसऱ्याच महिन्यात मला कळलं की हे मेण चूक आहे. फार हुशारी लागत नाही त्याला. हवा बाहेर जायला जागा नसेल तर ती दुसरी जागा शोधणार, आणि ती जागा म्हणजे शाफ्टभोवतीचं रबराचं सील. सील सुटलं की तेल जाणार. तुमचं मेण इतकी वर्षं पचलं, कारण तुमच्याकडे येणाऱ्या जुन्या जीपची सीलं आधीच गळकी होती. हवा तिथून निघून जायची, थेंब थेंब तेल टपकायचं, ड्रायव्हर शिव्या देत तेल भरायचा. गाड्यांच्या वाईट प्रकृतीमुळं तुमचं औषध चाललं. शिक्षण संपवून घरी परत आले तेव्हा तुम्हाला हे सांगितलं. नीट, हळू आवाजात सांगितलं. भोक बुजवायच्या ऐवजी टोपीला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटच्या भिंतीपर्यंत नेऊ, पाणी तिथवर चढत नाही, असंही म्हटलं.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. तुम्ही कप खाली ठेवून सगळ्यांकडे बघत म्हणालात, “आयकून राह्यले काय? दोन बुकं वाचून माही पोरगी मले गाडीचा श्वास शिकवून राह्यली. म्या हात काळे केले म्हनून तुह्या हातात बुक आलं वो माय.” सगळे हसले. तुम्ही हसलात. मीसुद्धा हसले, बाबा, ते मला सगळ्यात जास्त डाचतं. मग तुम्ही डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “जा, त्या जीपले लाव.”

ती जीप घाटाकडच्या भाऊंची होती.

भाऊ तेव्हा तिशीत होते. गोंड घरातले, गावात पहिली जीप त्यांची. कोरची-कुरखेड्याच्या बाजाराला माणसं न्यायचे, आणि गाडी अशी चालवायचे की मागं बसलेल्या बाईच्या टोपलीतला टमाटर हलू नये. तुम्हीच म्हणायचात, “गिअर तं हा मानूस बदलते, बाकीचे कोंबतेत.” त्या वर्षी त्यांचा गिअरबॉक्स तुम्ही स्वतः बांधून दिला होता, सगळी सीलं नवीकोरी. म्हणजे हवेला निघायला कुठंच फट नव्हती. मी जीपखाली सरपटत गेले, टोपी काढली, गोटी बोटानं दाबून बसवली आणि अंगठ्यानं सारखी केली. मला कळत होतं. मी खाली पडल्या पडल्या दोन मिनिटं विचारसुद्धा केला, की नुसतं वरवर लावू, तुम्हाला कुठं दिसणार आहे. मग वाटलं, पाणी शिरलं तर पुन्हा माझंच हसं होईल. मी ते घट्ट लावलं. बाहेर आले तेव्हा भाऊ म्हणाले, “पोरीच्या हाताचं लागलं, आता जीप पोहते.”

धानाचा रोवणा आटोपल्यावर, पोळ्याच्या सणाच्या तोंडावर ते बायकोला माहेरी सोडायला निघाले. तिच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी. चढ चढून गाडी तापलेली, पाऊस लागलेला, म्हणजे खाली टपकणारं तेल रस्त्यावर दिसायचंही नाही. घाट उतरताना दुसऱ्या वळणावर मागची दोन्ही चाकं एकाएकी जाम झाली. क्लच दाबून उपयोग नव्हता, जे बसलं ते क्लचच्या पलीकडं होतं. जीप फिरली आणि नालीत आडवी झाली. मुलीला ओरखडासुद्धा आला नाही. वहिनींचा उजवा पाय गुडघ्याखाली दबला. पाय राहिला, पण वाकडा राहिला.

आठ दिवसांनी ट्रॅक्टरला बांधून जीप आपल्या दुकानात आली. हे मी आत्ता लिहिते आहे आणि ते मला डोळ्यांसमोर दिसतं आहे. तुम्ही खाली वाकून मागचं सील बघता. ते जागेवरून सरकलेलं आहे, ओठ बाहेर आलेला, आतून दाब आल्याशिवाय सील असं सरकत नाही. तुम्ही ते बोटानं चाचपता. ड्रेनचा नट काढता, तेलाचा एक थेंब पडत नाही. गिअरबॉक्स उतरवतो, खोलतो. मागचं बेअरिंग जळून निळं झालेलं आहे. मग तुम्ही माथ्यावरची टोपी काढता आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं भोकातलं मेण कोरून काढता, फडक्यात घेता, फडकं खिशात टाकता. मी तुमच्या समोर उभी आहे, हातात नट ठेवायची थाळी. तुम्ही एकदा वर बघता. एकदाच.

भाऊ बाहेर बाकड्यावर बसलेले. तुम्ही त्यांच्याजवळ गेलात, खांद्यावर हात ठेवलात आणि अगदी मायेनं विचारलंत, “भाऊ, तेल कवा पाह्यलं होतं?”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “रोवन्याच्या आंधी,” म्हणाले. “मंग पाह्यलंच नाई मिस्त्री. वेळच नाई भेटला.”

“थेच तं. तेल संपलं, बेअरिंग कोरडं पडलं अन् बसलं.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. म्हणून तर माझा इतका संताप होतो. तुम्ही खोटं बोलला असतात तर एखाद्या दिवशी ते उघडं पडलं असतं. तुम्ही खऱ्याचा अर्धा तुकडा त्यांच्या हातात दिलात आणि उरलेला खिशात टाकलात. भाऊंनी तो तुकडा असा धरून ठेवला की बावीस वर्षं सोडला नाही. जीप विकली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, लोक विनवण्या करायचे तरी नाही. वहिनींना वाकून रोवणा करता येत नाही, म्हणून तेव्हापासून दर आषाढात ते स्वतः बायांच्या ओळीत उभे राहून रोवणा करतात. आपल्याकडे पुरुष रोवण्याच्या ओळीत उभा राहिला तर काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकतात आणि ओळ संपवतात. ही हकीगत त्यांनी तुम्हालाच सांगितली होती, तुमच्याच दुकानात, आणि तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात.

आणि पुढच्या ज्येष्ठात तुम्ही काय केलंत? लोक मेण मागायला आले तेव्हा म्हणालात, “आता मोहोळाचं मेन पह्यल्यासारखं नाई येत. नळी लावून देतो, थेच बरं.” माझी नळी. एकाही माणसासमोर तुम्ही म्हणाला नाहीत की पोरीचं बरोबर होतं. त्याच महिन्यात नागपूरहून माझ्यासाठी सॉकेट पान्यांचा पूर्ण सेट आणलात, निळ्या पेटीत, माझ्या मापाचा लहान रॅचेट त्यात. शेजारीपाजारी दाखवलात. माझ्या पोरीनं आता गिअरबॉक्स एकटीनं बांधायचा, म्हणालात. मी त्या रात्री पेटी उशाशी घेऊन झोपले. आज ती पेटी उघडताना माझे दात शिवशिवतात. तुम्हाला समजलेलं होतं, बाबा. समजलं नसतं तर मी तुम्हाला कधीच माफ केलं असतं, म्हातारा माणूस, जुनी विद्या, चुकला. पण ज्याला समजत नाही तो मेण लावणं थांबवत नाही.

शेवटच्या आजारात भाऊ दोनदा तुम्हाला बघायला आले. घाटाकडून दोन बस बदलून. आई त्यांना चहा करायला आत गेली आणि ते पलंगाच्या पायथ्याशी बसून तुमचे पाय चेपू लागले. “मिस्त्री, तुमी सांगतलं होतं, म्याच नाई आयकलं,” असं काहीतरी पुटपुटत होते. तुम्ही पाय ओढून घेतले नाहीत. डोळे मिटून पडून राहिलात. मी दारात उभी होते. त्या माणसानं अर्धा तास तुमचे पाय चेपले आणि तुम्ही चेपून घेतलेत. इतर सगळ्याचा राग मी कधीकधी विसरते, त्या अर्ध्या तासाचा नाही.

आता आजचं. सकाळी एक जुनी छोटी कार दुकानासमोर थांबली. चालवणारी मुलगी चोवीस-पंचविशीची, आरोग्य उपकेंद्रात नर्स, आणि बाजूला भाऊ. तीच मुलगी, जी तेव्हा मांडीवर होती. तिला चार गावं फिरावी लागतात, म्हणून तिनं ही गाडी घेतली. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिसरा गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येतो. एका गॅरेजनं तिला सांगितलं होतं, गिअरबॉक्स संपला, पूर्ण बदला. मुलगी रडकुंडीला आली होती, कारण परवा तिला लसीकरणाला जायचं होतं आणि गाडी बंद तर चार गावं बंद.

मी किल्ली मागितली. सपाट रस्त्यावर तिसरा टाकून हळू गेले, काही नाही. न्यूट्रलला कान दिला, घरघर नाही. पुलाच्या चढावर तिसऱ्यात जोर दिला आणि गिअरच्या दांडीवर नुसता तळहात ठेवला, तर कुणीतरी खालून ती ओढतंय असं वाटलं. गिअरचे दात किंवा आतलं स्प्रिंग झिजलं असतं तर दांडी थरथरली असती. ही ओढली जात होती. परत आले, बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढून मुलीला म्हटलं, पहिला टाक आणि क्लच अगदी हळू सोड. अख्खं इंजिन चार बोटं वर उचललं गेलं आणि दाणकन खाली बसलं. इंजिन ज्या रबरावर टेकलेलं असतं ते मागच्या बाजूचं माउंटिंग फाटून दोन तुकडे झालं होतं. जोर दिला की इंजिन मागं झुकायचं, आणि गिअरची केबल आपणच ओढली जाऊन गिअर निसटायचा. गिअरबॉक्सला काही झालेलं नव्हतं. तासाभराचं काम. मुलीला हसू फुटलं.

भाऊ वाकून बघत होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा एखाद्या उघड्या इंजिनाजवळ इतके आलेले मी पाहिले. मग सरळ होऊन ते मुलीला म्हणाले, “चूक आपलीच असन बाई. तू तेल पाहत नसशीन. माह्यासारखं करू नोको. माह्या एका आळसानं तुह्या मायचा पाय गेला, थे ध्यानात ठेव.”

मुलगी खाली बघायला लागली. तिनं हे आयुष्यभर ऐकलेलं असणार. फाटलेल्या रबराचा आणि तेलाचा काही संबंध नव्हता, तरी ती अपराध्यासारखी उभी होती. आणि मला राहवलं नाही.

मी मुलीला म्हटलं, समोरच्या टपरीवर जाऊन तिघांना चहा सांग. ती गेली. मी भाऊंना कोपऱ्यात नेलं, तिथं एका पिकअपचा गिअरबॉक्स खोलून ठेवला होता. मागचं सील दाखवलं, ब्रीदरचं भोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. मेण, नवी सीलं, कोंडलेली हवा, पावसात न दिसलेली गळती, तुमच्या खिशातलं फडकं. गोल फिरवून नाही सांगितलं. त्यांनी रोज तेल बघितलं असतं तरी एका चढात ते गेलं असतं, असंही म्हटलं.

ते ड्रायव्हर होते, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी करंगळी त्या भोकावर ठेवली, मग सीलवर, मग पुन्हा भोकावर. “अन् तेल इथून गेलं,” ते म्हणाले.

“हाव.”

“मिस्त्रीले माहीत होतं?”

“माहीत होतं.”

त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाहिलं नाही. ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून तळवे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. मला ते हवं होतं, कुणीतरी तुमच्या नावानं ओरडावं. ते फक्त म्हणाले, “बावीस साल म्या बायकोच्या तोंडाकडं नीट नाई पाह्यलं. तिले वाटे मले तिच्या पायाची किळस येते.”

मी ते सील फडक्यानं पुसायला लागले.

मग त्यांनी मान वर केली. रागानं नव्हे, नुसतं माहिती विचारावी तसं विचारलं, “तुले तवा माहीत होतं काय वो? मेन तं तुह्या हातानं लागलं होतं.”

आणि बाबा, माझ्या तोंडून पटकन निघालं, “नाई. मले मांगाहून समजलं.”

त्यांचा चेहरा सैल झाला. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तं मंग तुही काय चूक. पोरगी होती तू.” तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. त्यांनी चहा घेतला. मी नवं माउंटिंग बसवलं, चढावर नेऊन दाखवलं, गिअर जागचा हलला नाही. जाताना ते मागं वळून म्हणाले की वहिनींना आज घरी गेल्यावर सांगतो. गाडी फाटकापलीकडं जाईपर्यंत मी बाहेर उभी होते.

मी पोरगी नव्हते. तेवीस वर्षांची होते, अभ्यास पुरा केलेली, आणि त्या जीपखाली पडल्या पडल्या मला सगळं कळत होतं. आत्ता तीन वाजलेत. तुम्हाला शिव्या घालत इतकी पानं लिहून काढली आणि एकदासुद्धा हात थांबला नाही. भाऊंच्या गावाचं नाव मला ठाऊक आहे, तालुका ठाऊक आहे, मुलीचा नंबर आज सकाळीच फोनमध्ये घेतला आहे. हे पत्र त्यांना लिहायचं होतं. तुमचा पत्ता नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.